घाणेरीची जाळी

यतिन कर्णिक शिकारीला जातो हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्यांदा हसलो होतो. हा माणूस घरात झुरळ दिसलं तरी ते कागदावर घेऊन बागेत सोडून येतो. ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला आमची घरं एकाच गल्लीत. यतिन मूळचा ठाण्याचा, सीकेपी, म्हणजे मटणाच्या बाबतीत तडजोड नाही. मेकॅनिकल इंजिनिअर, खाणींना लागणारे कन्व्हेयर बेल्ट डिझाइन करतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं एक्सेल बनवतो. मयूराच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, डोहाळजेवणाचंसुद्धा त्याने बनवलं होतं, रंगीत रकान्यांसकट.

त्याला बंदुकीची वाट दाखवली रॉसने. रॉस त्याच्या कंपनीच्या वर्कशॉपमधला जुना फिटर. रिटायर होऊन टूगूलावा गावाच्या पुढे आपल्या शेतावर राहायला गेलेला, पंच्याहत्तरी ओलांडलेला, एक गुडघा कामातून गेलेला. त्याच्या कुरणात तांबडी हरणं उतरतात आणि गुरांचं गवत फस्त करतात. त्याने यतिनला शिकवलं, लायसन्स काढायला लावलं आणि शेताची चावी दिली. दुसऱ्या कुणा शिकाऱ्याला तो फाटकाच्या आत घेत नसे. त्याचे नियम दोनच होते. जनावर पूर्ण दिसल्याशिवाय गोळी झाडायची नाही. आणि गोळी झाडली की जाऊन बघायचं, चुकली असं वाटलं तरी.

मी यात कोण? मी माधव, फुकटा. थर्मास आणि थालीपिठांचा डबा उचलायचा, सावलीत बसून बडबड करायची आणि येताना दोन किलो मांस घेऊन यायचं, एवढंच माझं काम. यतिन मात्र तिथे वेगळा माणूस व्हायचा. तीन-तीन तास हलायचा नाही. मध्ये एखादी डहाळी आली तरी रायफल खाली ठेवायचा. सहा वेळा गेलो त्यातल्या चार वेळा तर रिकाम्या हाताने परतलो, आणि दर वेळी मी गाडीत त्याला सुनावलं की तुझ्यापेक्षा खाटीक बरा.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत, नव्या वर्षाच्या सुट्टीतला तो शुक्रवार. पहाटेपासून आम्ही रॉसच्या मागच्या घळीत होतो. तिथे फोनला रेंज नाही. चार वाजता मी टेकाडावर चढलो आणि मयूराचे अकरा मेसेज एकदम आले. संध्याकाळी सहापासून ब्रिस्बेन, इप्सविच सगळीकडे तीन दिवस लॉकडाऊन. दुकानांत झुंबड उडालीय, दूध संपलंय, मुलं विचारताहेत, तुम्ही आहात कुठे?

घरी पोचायला सव्वा तास. मी धापा टाकत खाली आलो आणि यतिनला सांगितलं.

"अर्धा तास दे," तो कुजबुजला. "ती बघ."

पलीकडच्या उतारावर घाणेरी माजलेली. आपल्याकडे डोंगरावर असते तीच, इथे तिला लँटाना म्हणतात. त्या जाळीमागे एक मादी उभी होती. कान दिसत होते, खांद्याचा तांबूस तुकडा दिसत होता, बाकी सगळ्या काड्याच काड्या.

"ऊन उतरलं की बाहेर येईल. तेव्हा क्लिअर मिळेल."

"अर्धा तास नाहीये यार! सहानंतर रस्त्यात पोलिसांनी धरलं तर? फाइन कोण भरणार? मार ना आता!"

"मध्ये झुडूप आहे."

"काड्या आहेत रे त्या! एवढी जड गोळी काडीला घाबरते का? तूच म्हणाला होतास ना, तुझ्या त्या एक्सेलमध्ये?"

म्हणाला होता खरा. एका संध्याकाळी बार्बेक्यूपाशी त्याने हिशोब मांडून दाखवला होता की गोळीचं वजन आणि वेग धरला तर बोटाएवढ्या काडीने तिची दिशा फारशी बदलायला नको. मला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण वेळेवर बरोबर आठवलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग गोळी झाडली.

मादी पाठीची कमान करून उडाली आणि जाळीत नाहीशी झाली. आम्ही तिकडे गेलो. यतिन पावलं मोजत चालला. ती सवयच त्याची. एक काडी तुटून लोंबत होती, आतला पांढरा भाग उघडा पडलेला. तिथून अठरा पावलांवर ती उभी होती ती जागा. पानांवर काळसर रक्त होतं आणि रक्तात हिरवट, चघळलेलं गवत.

"पोटात लागली," यतिन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "अशी मागे लागून उपयोग नाही. ती पळतच राहील. दोन तास थांबायचं, मग माग काढायचा."

"दोन तास?" मी म्हणालो. "घरी पोरं आहेत यतिन. चल."

तो आला. मी नसतो तर तो आला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

फाटकाशी रॉस उभा होता. त्याने विचारलं, काही मिळालं का? यतिनने मान खाली घातली. मीच खिडकीतून हात हलवून म्हणालो, "मिस्ड, मेट. नो वरीज!"

रॉसने मान डोलावली आणि फाटक उघडलं. सहाला दहा कमी असताना आम्ही गल्लीत शिरलो. वाटेत एकसुद्धा पोलीस दिसला नाही.

ते तीन दिवस यतिन धड जेवला नाही, असं मयूरा सांगत होती. लॉकडाऊन उठल्यावर तो मला म्हणाला, रॉसकडे जाऊ. मी म्हणालो, आता काय उपयोग, मेली असेल. मग त्याने भलतंच आरंभलं. घाणेरीच्या काड्या कापून आणल्या, लाकडाच्या पट्टीत रोवल्या आणि नेमबाजीच्या रेंजवर परवानगी काढून त्यांच्यातून कागदावर गोळ्या झाडल्या. कागद माझ्यासमोर टेबलावर पसरला. काडी कागदाला लागून असली तर गोळी जेमतेम बोटभर सरकलेली. काडी अठरा पावलं अलीकडे ठेवली तेव्हा कुठे चार बोटं, कुठे वीतभर. एक गोळी तर आडवी होऊन घुसलेली, भोक लांबट.

"आणि ही बघ," तो म्हणाला. "दहातल्या तीन सरळ गेल्या. म्हणजे काडी काय करेल ते आधी सांगताच येत नाही. रॉस म्हणूनच नाही म्हणायचा. आणि मी एक्सेल करत बसलो."

मला वाटलं, आता तरी म्हणेल, माधव, तुझ्यामुळे झालं. तो म्हणाला नाही. मला त्याचा रागच आला.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. रॉसने ओट्यावर चहा केला. यतिनने कप हातातही घेतला नाही.

"रॉस, त्या दिवशी गोळी चुकली नव्हती. पोटात लागली होती. मला माहीत होतं आणि मी तिला तशीच सोडून गेलो. तुला खोटं सांगितलं. माधवला तसं सांगायला मीच सांगितलं होतं."

साफ खोटं. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

रॉसने गुडघा चोळला. "मी आवाज ऐकला होता," तो म्हणाला. "चुकलेली गोळी नुसती वाजते. लागलेलीचा मागून धप्प असा आवाज येतो. शनिवारी सकाळी शोधायला निघालो. रविवारी दुपारी ओढ्याशी सापडली. जिवंत होती. मी संपवली." मग म्हणाला, "कासेत दूध होतं. पाडस शोधलं, नाही सापडलं."

यतिन रडायला लागला. चाळिशीचा माणूस, हुंदके देऊन. रॉसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू आलास. बास."

आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून कोण बोललं होतं आणि ते कसं बोललं होतं, हे त्याने पाहिलं होतं. तो वाट बघत होता. यतिनही बघत होता. दोन वाक्यं पुरली असती. मी कप उचलला आणि चहा पीत राहिलो. चांगला झाला होता, असंही म्हणालो.

यतिन अजून रॉसकडे जातो. बहुतेक वेळा रिकाम्या हाताने येतो. काही मिळालं तर माझा वाटा न चुकता घरी पोचवतो, खडा मसाला लावून, डब्यात. त्याने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला बरोबर चल असंही म्हटलं नाही. मी दारातच डबा घेतो, थँक्स म्हणतो, आणि दर वेळी ठरवतो की आज सांगून टाकायचं. मग तो वळून फाटकापर्यंत जातो आणि मी दार लावून घेतो.