आमचे साडू आणि त्यांचे साहेब

आमच्या साडूंनी एकदा तरी ज्याला मारलेलं नाही, असा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. मला त्यांनी दोनदा मारलं आहे, एकदा विष घालून आणि एकदा झोपेत. माझ्या बायकोला त्यांच्याच हातून वेड लागून झालं आहे, आणि आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर पडद्याआड उभे असताना तलवार लागून गेले. तलवार म्हणजे छत्री. साडू कल्याणच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतात, आणि इंग्रजी नाटक म्हटलं की ज्यांचं नाव आधी तोंडी येतं ते चारशे वर्षांपूर्वीचे नाटककार हे त्यांचं दैवत. पण साडू त्यांचं नाव घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, तसे तेही नुसतं "आमचे साहेब" म्हणतात. साहेबांची नाटकं गाईडमधून पाठ करणं हा त्यांच्या मते फौजदारी गुन्हा आहे. नाटक करून बघायचं, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढायचा आणि मरायला माणसं कमी पडली तर नातेवाईक असतातच.

चेटकिणींच्या कढईचा प्रवेश त्यांनी मुलींना स्वयंपाकाच्या चॅनलसारखा करायला लावला होता. "नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण राजाला नादी लावायचा रस्सा बघणार आहोत," अशी त्याची सुरुवात. "सर, बेडूक कुठनं आणू? मार्केटला नाय मिळत," एकीने विचारलं. "सुके बोंबील घाल. साहेबांना चालतील," साडू म्हणाले. त्या व्हिडिओखाली कुणा गृहिणीने "तिखट कमी घातलं तर चालेल का?" असं विचारलं आहे, आणि साडूंनी तिला "चालेल, पण मग राजा बिघडणार नाही," असं प्रामाणिक उत्तर दिलं आहे. ते राहतात घोडबंदर रोडला, एका टॉवरच्या अठराव्या मजल्यावर. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की ते मोबाईल काढून व्हॉइस मेसेजवर मुलांना स्वगतं समजावतात. त्यामुळे रस्ता तुंबलेला असला की राजपुत्राची घालमेल पोरांना सविस्तर कळते, आणि रस्ता मोकळा मिळाला तर बिचारा दोन वाक्यांत आटोपतो.

पण त्यांची खरी करामत म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येक नाटकाचा एक ग्रुप. ज्याने त्याने आपल्या पात्राच्या मनातलं आपल्या भाषेत लिहायचं, आणि मेलं की ग्रुप सोडायचा. शोकांतिका संपता संपता ग्रुपमध्ये साडू एकटेच उरतात. एकदा एक पोरगा वैतागून म्हणाला, "सर, मी कालच मेलो ना? मग परत ॲड काय केलंत?" "अरे, तू भूत आहेस. तुझं खरं काम आता सुरू होतंय."

या ग्रुपांपायीच आमच्या घरात ती गोष्ट घडली. सासूबाई गेल्यावर आमचे सासरे, म्हणजे बाबा, ठाण्यातल्या कोपरीच्या घरात एकटे राहत होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दार दिवसभर सताड उघडं आणि संध्याकाळी त्यांच्या दोस्तांचा कॅरम. दोघी लेकींनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, आमच्या ताईंनी, आणि माझ्या बायकोने, ठरवलं की कोपरीचं घर विकायचं आणि बाबांनी आळीपाळीने दोघींकडे राहायचं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बाबा पडले-झडले तर बघणार कोण, ही दोघींची काळजी खरी होती. बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते, नुसते "बघू" म्हणत होते. पण लेकींपुढे त्यांचं फार दिवस चाललं नसतं, आणि रविवारी सगळ्यांनी कोपरीला जमून पक्कं करायचं ठरलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात साडूंच्या वर्गात म्हातारा राजा चालू होता. राज्य मुलींत वाटून टाकतो आणि मग त्यांच्या दारी पाहुणा होतो, तो. मुलांना नमुना म्हणून साडूंनी थोरल्या मुलीच्या मनातलं लिहिलं: "बाबा आपल्याकडे आले की त्यांची मित्रमंडळी नकोत. एवढी माणसं हवीत कशाला? दोघं पुरेत. खरं तर एक तरी कशाला? घरात आपण आहोतच की." आणि ते पाठवलं आमच्या घरच्या ग्रुपवर.

ताईंचा फोन साडूंना त्याच क्षणी गेला असणार. माझी बायको हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून आली. "भाऊजींना वेड लागलंय का? बाबा वाचतील ना!" बाबांनी वाचलं होतं. मग बाबांनी लिहिलं, "जावईबापू, पुढे काय होतं?"

"वादळात बाहेर पडावं लागतं त्यांना, बाबा," साडूंनी लिहिलं.

"मग मी आपला कोपरीतच बरा," बाबांनी उत्तर दिलं, आणि खाली दोन कॅरमपटूंनी एकाच वेळी शाबासकीचे अंगठे टाकले. त्यांना ग्रुपमध्ये बाबांनीच कधीतरी घेतलं होतं.

रविवारची बैठक झालीच नाही. ताई आठवडाभर साडूंशी बोलल्या नाहीत, आणि आमच्याकडेही त्यांच्या नावाने भांडी आपटली गेली. आता शेजारच्या एक बाई रोज सकाळी बाबांकडे डोकावतात, लेकी आळीपाळीने जातात, आणि साडू कॉलेजातून येताना कोपरीला उतरून कॅरमला बसतात. त्यांना कॅरम अजिबात येत नाही, म्हणून ते सगळ्यांचे लाडके आहेत.

परवा त्यांना मी खोदून विचारलं, खरंच चुकून पाठवलं होतं का? चष्मा पुसत ते म्हणाले, "पाठवलं ते चुकूनच रे. पण डिलीट करायला भरपूर वेळ होता. बोट तिथवर नेलंही होतं." चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "आपण म्हातारे होऊ, तेव्हा असं चुकणारं कुणीतरी घरात असावं, एवढंच."

मला दोन मुलगे आहेत, आणि दोघांपैकी एकालाही नाटकाची आवड नाही.