वहिनीच्या वाट्याचा स्क्रीन

माझी वहिनी सबटायटल्स लिहिते. कारखान्यांच्या प्रशिक्षणाच्या फिल्म, डॉक्टरांची व्याख्यानं, असलं सगळं रुक्ष. माणसाने तोंड उघडलं की खाली ओळ उमटली पाहिजे आणि तो थांबला की गेली पाहिजे, एवढंच काम. हे ‘एवढंच’ आमच्या घरचं. आई तर म्हणते, “बसूनच तर असते.”

लॅपटॉपवर डोळे फोडून झाल्यावर तिने दोन साधे मॉनिटर घ्यायचं ठरवलं. एकावर फिल्म, दुसऱ्यावर ओळी. बेडरूममधल्या टेबलावर, कपाट आणि भिंतीच्या मधे, दोन नेमके बसत होते. तिने टेपने मोजलं होतं.

दादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा सख्खा भाऊ, म्हणाला, “दोन कशाला? हल्ली एकच लांबलचक मिळतो. मधे फट नाही, काही नाही.”

“मला फट चालते,” वहिनी म्हणाली. नंतर भांडी पुसताना मला म्हणाली, “लहान वस्तूवर कुणाचा डोळा नसतो गं. मोठी आणली की ती सगळ्या घराची होते.”

तिच्या वाढदिवसाला दादाने रुंद स्क्रीनच आणला. माझ्या भावाला सरप्राइज द्यायला फार आवडतं. समोरच्याला काय हवंय ते विचारायचे कष्ट वाचतात. ते धूड बेडरूममधल्या टेबलावर मावेना, म्हणून हॉलमध्ये गेलं. वहिनीलाही त्याच्यामागे जावं लागलं.

आठवड्याभरात वाटणी झाली. डावीकडे वहिनीचं काम, उजवीकडे दादाची मॅच. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. दुपारी तोच उजवा भाग आईच्या मालिकेला. “आवाज तर बंद ठेवतो,” दादा म्हणे, “अजून काय पाहिजे?” वहिनीच्या अर्ध्यात फिल्मही कोंबलेली आणि ओळीही. शेजारी सतत कुणीतरी पळतंय, उड्या मारतंय. बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठरायची कशी? तिच्या ओळी उशिरा पडायला लागल्या.

मी एकदा बोलून पाहिलं. आई म्हणाली, “नवरा-बायकोच्या मधे पडू नकोस.” मधे मॅच पडलेली चालते, नणंद चालत नाही.

परवा मी तिथेच बसले होते. काम देणाऱ्या कंपनीचा निरोप स्क्रीनवर आला: यापुढचं काम दुसऱ्या कुणाला देत आहोत. वहिनीने तो दोनदा वाचला. दादा तिच्यापासून हातभर अंतरावर होता, अक्षरं त्याच्याही डोळ्यांसमोर होती, पण मॅचची शेवटची मिनिटं चालली होती. मला त्याची भयंकर चीड आली.

वहिनीने स्क्रीनच्या आपल्या अर्ध्यातली खिडकी बंद केली.

दादाने लगेच मॅच ओढून या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरवली.

“हां, आता कसं,” तो म्हणाला. “बस ना, बघ किती मस्त दिसतंय.”