बोटीच्या बुडाचं भोक

परवा दहिवडीत गळक्या टाकीला पॅच मारताना रेझिनचा उग्र वास आला आणि मला कोयनेचा काठ आठवला. इंजिनकाम शिकायचं म्हणून मी आणि माझा दोस्त बापूनं तिथल्या रफिकचाचांची मोडकी मोटरबोट दुरुस्तीला घेतली होती. मागं, अगदी तळाशी, व्यवस्थित पाडलेलं गोल भोक दिसलं.

“चाचा, बोटीच्या बुडाला भोक? आमाला येडं समजलात व्हय?” बापू उखडला.

“आरं, बूच हाय त्याला. बोट काठावर असली की काढायचं. पावसाचं पानी निघून जातं.”

बापू माझ्या कानाशी लागला. “पानी सोडून द्यायला भोक? मानूस लबाड हाय गड्या.”

चाचांची पाठ वळताच त्यानं ते रेझिननं कायमचं बुजवलं. मी अडवलं नाही. आम्ही दोघंही दुष्काळी माण तालुक्यातले. चाचांवर एक वेळ विश्वास ठेवला असता. पाणी सोडून द्यावं लागेल इतक्या पावसावर कसा ठेवणार?