सात नंबरची दाढी

आमच्या वॉर्डातल्या न्हाव्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. ऑपरेशनआधी अंगावरचे केस काढायचे आणि पडून असलेल्यांच्या दाढ्या करायच्या, एवढंच त्याचं काम. पण वस्तरा उघडला की तोंडही उघडतं. पेशंट शुद्धीत आहे की नाही, याची तो चौकशी करत नाही. मी या वॉर्डची सिस्टर. बावीस वर्षांत त्याला हजारदा दटावलं असेल, ढिम्म फरक नाही.

सात नंबरच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. नाकातून घातलेल्या नळीनं पोटात पातळ अन्न जायचं. पंधरवडा बरा गेला आणि मग ताप चढला तो उतरेचना. मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला, औषध बदललं. चौथ्या दिवशी त्यांनी काकांच्या लेकीला बाजूला घेऊन “मनाची तयारी ठेवा” असं सांगितलं. ती जिन्यात बसून रडली.

त्यात काकांचा धड असलेला डावा हात सारखा नाकाकडे जायचा. नळी उपटणारे पेशंट आम्ही चिक्कार पाहिलेत. मीच तो हात पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधला आणि वर फाइलीत लिहिलं, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ अक्षरही छान काढलं.

त्याच दिवशी रेडिओ दाढीला आला.

“सिस्टर, काकांना जेरबंद कशाला केलंय?”

“नळी ओढतात. तू दाढी कर आणि नीघ.”

“हात बांधलेल्या माणसाच्या गळ्यावर वस्तरा फिरवायला मी काय खाटीक आहे?”

त्यानं माझ्यादेखत पट्टी सोडली. हात उठला तशी मी धावले.

“थांबा हो जरा!” तो ओरडला.

हात नळीला ओलांडून, गालावरून थेट उजव्या कानापाशी गेला. काकांनी कान घट्ट दाबून धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. इतके दिवस हा माणूस दुखणं दाखवत होता आणि मी त्याचा दाखवणारा हातच बांधून टाकला होता.

मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा रेडिओ फेसानं भरलेल्या हातांनिशी आडवा आला. “साहेब, यांचा कान दुखतोय.”

“तू दाढ्या कर.”

“तेच करतोय. पण तुमचं सगळं बघून झालं, कान तेवढा राहिला.”

एरवी मी अशा वेळी जमीन न्याहाळते. त्या दिवशी म्हणाले, “सर, बघाच एकदा. हात मी बांधला होता.”

कान बघायची बॅटरी कपाटात सापडली, सेल मेलेले. एक सेल भिंतीवरच्या घड्याळातून काढला, दुसरा टीव्हीच्या रिमोटमधून. डॉक्टर कानात डोकावले. पडदा लालभडक, फुगून आलेला. नळीमुळे नाकामागची कानाला हवा पुरवणारी वाट सुजून बंद झाली होती आणि मधल्या कानात पू साठला होता. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याला बारीक चीर देऊन पू काढला, तपासायला पाठवला, नळी दुसऱ्या नाकपुडीत घातली, नवं औषध लावलं. तिसऱ्या दिवशी ताप पळाला.

महिन्याभरात नळी निघाली, वाचाही अडखळत परतू लागली. एका सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांचा ताफा घेऊन खाटेशी आले. रेडिओ साबण फेसत होता.

“काय काका, कसं वाटतंय आता?”

काकांनी ओठ जुळवले, वेळ घेतला, आणि न्हाव्याकडे बोट केलं. “यांना... विचारा.”

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांचे कान लाल झाले, पण त्यांनी खरंच वळून विचारलं.

“परवापासून उजव्या कुशीवर झोपतात, साहेब, तोच कान उशीवर टेकवून,” रेडिओ म्हणाला.

मी रोज तीनदा त्यांचा ताप बघत होते. मला हे माहीत नव्हतं.