दिराच्या खाचरात आमचा राब

राब धडधडून पेटला, तेव्हा कळलं की खाचर आमचं नाही.

चार दिवस शेण, पाला, टहाळ मी डोक्यावरून वाहिला होता. भाताचं बी टाकण्याआधी जमीन भाजायची म्हणून आमच्या म्हाताऱ्याने तो राब पसरला आणि काडी लावली. बांधावरून दीर हसत आला.

"वयनी, माझा राब तू भाजलास? लय उपकार झालं गो!"

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याच्याशी खाचरांची अदलाबदल केली होती. म्हाताऱ्याच्या डोक्यातून ती साफ गेली. (आणि मी? मी ओझ्याखाली होते. ओझ्याखालून बांध दिसत नाही!)

रविवारी कल्याणहून मुलगा आला. "बाबांचं डोकं चालत नाय आता. शेत अर्धेलीने, निम्म्या पिकावर दुसऱ्याला कसायला देऊन टाकू."

"आनि आमी काय करू? तुझ्या खोलीत पंखा बघत बसू?"

त्याची मुलगी बारावी सायन्सला. तिने पुस्तकच उघडलं. "आजी, मेंदूच्या पेशींत तंतुकणिका असतात. बारीक बारीक वीजघरं. म्हातारपणी त्या वीज कमी करतात आणि कचरा जास्त. मग माणूस विसरतो."

"म्हंजे आजोबांच्या डोक्यात लोडशेडिंग?"

"तसंच समज. अंगमेहनत केली की त्या जरा बऱ्या राहतात."

"मग यांच्या गेल्याच असतील! ओझी मी वाहिली, यांनी नुसती काडी लावली."

शेवटी मुलगा म्हणाला, डॉक्टर सांगेल तसं शेताचं करू. शहापूरच्या डॉक्टरने म्हाताऱ्याला तीन शब्द दिले. "आंबा, बैल, कुलूप. ध्यानात ठेवा, मी परत विचारीन." मग जेवण, झोप, खोकला असलं काहीबाही विचारत बसला. मुलगा घड्याळ बघतोय. आमचं अख्खं शेत त्या तीन शब्दांवर!

"हां आजोबा, सांगा."

"आंबा," म्हातारा म्हणाला. "बैल..." आणि छताकडे बघत राहिला.

मला कुठलं राहवतंय! मी मागून पुटपुटले, "कोयता!"

"कोयता कुठून आनलास गो?" म्हातारा खेकसला. "कुलूप! कुलूप बोलला ना तो!"

डॉक्टर हसला नाही. "आजोबांचं वयाच्या मानाने ठीक आहे," तो मुलाला म्हणाला. मग त्याने कोरा केसपेपर ओढला आणि माझं नाव विचारलं.

शेत अर्धेलीला गेलं नाही. त्या वर्षीची लावणी आम्ही दोघांनीच केली. दोघंही अजून जिवंत आहोत. गोळ्या मात्र मला चालू आहेत.