गाडीचा उजवा हात

सहा आठवड्यांपूर्वी सकाळची पूजा आटोपून मी तीर्थाची पळी हातात घेतली होती, एवढ्यात शेजारच्या शालिनीवहिनींचा फोन आला. "गुरुजी, केव्हाची यांना उठवून राहिली मी... उठूनच नाही राहिले." अधारतालच्या आमच्या गल्लीत त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी अनवाणीच धावलो. दत्तूभाऊ कुशीवर शांत निजलेले होते. नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ तेवढी होती... ती अखेरच्या स्नानातही निघाली नाही आणि वहिनींनी ती कुणाला घासूही दिली नाही.

दत्तूभाऊंनी सारी नोकरी येथल्या लष्करी वाहनांच्या कारखान्यात फिटर म्हणून केली. मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत आलो. त्यामुळे अनेक वर्षांचा शेजार असूनही आमचा संबंध सत्यनारायणाचा प्रसाद आणि दिवाळीचा फराळ यांपलीकडे गेला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातून एक जुना फौजी ट्रक आणला. चारही चाकांनी जोर लावून चिखलातून निघावा अशी त्याची घडण, पण आला तो दुसऱ्या गाडीमागे दोराने ओढला जाऊन. त्याच्यासाठी गॅरेजचे पत्रे दोन हात उंच करावे लागले.

"लोक रिटायर होऊन तीरथाला जातात, हे भंगार घेऊन आले," वहिनी मला ऐकवून म्हणाल्या.

"भंगार काहून म्हणतेस? अशाच गाड्या जोडल्या मी जिंदगीभर. आन् गेटच्या बाहेर एकही नाही नेली. एक तरी नेतो ना!"

त्यांचे हात तोवर कापू लागले होते. पेन धरता येत नसे, पण पाना हातात आला की तो कंप कोठे जाई कोण जाणे! म्हणून चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. सुटा केलेला प्रत्येक भाग घासलेटात धुऊन, पुसून, कापडी थैलीत घालायचा. थैलीवरच्या चिठ्ठीवर मी भागाचे नाव आणि ट्रकची बाजू लिहायची आणि चिठ्ठी म्हणेल त्या बाजूच्या भिंतीवर ती थैली खिळ्याला टांगायची. जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्ती हलविण्यापूर्वी तिचे देवत्व जलपूर्ण कलशात आवाहन करून ठेवतात. तो विधी मी तरुणपणी गुरूंच्या मागे बसून पाहिला होता. त्या गॅरेजात, शेकडो थैल्यांच्या मध्ये उघडा पडलेला तो लोखंडी सांगाडा आणि त्यासमोर उकिडवे बसलेले दत्तूभाऊ पाहताना मला पुन्हा तीच स्तब्धता जाणवे. मी आपोआप दाराबाहेर चपला काढू लागलो. "तळव्याला बोल्ट टोचेल, पंडितजी," ते हसत, पण त्यांनीही पुढे चप्पल बाहेरच ठेवली.

दोन वर्षांनी गाडी जुळून आली, आणि पुढची चाके वळेनात. ती ज्या सांध्यांवर वळतात, तेथे शिम म्हणतात त्या कागदाएवढ्या पातळ लोखंडी चकत्या असतात. डावीकडच्या आणि उजवीकडच्या सारख्या नसतात. दत्तूभाऊंनी ते सांधे चार वेळा उघडले आणि चार वेळा बसवले. स्टिअरिंग दगडासारखे!

"सामान तेच, चिठ्ठी तुमची," ते म्हणाले. "मग चूक हाताचीच. हात गेले, गुरुजी."

त्यांनी पाने पेटीत ठेवले, पेटीला कुलूप लावले. अकरा दिवस गॅरेज उघडले नाही. एरवी ट्रकला सवत म्हणणाऱ्या वहिनीसुद्धा भिंतीपलीकडून विनवू लागल्या, "तुम्ही तरी बोला ना यांच्याशी... जेवून नाही राहिले धड."

बाराव्या दिवशी देवघरात मी तुपाचे निरांजन लावले. ते देवाच्या उजव्या हाताला ठेवावयाचे, म्हणजे आपल्या डावीकडे. पन्नास वर्षे मी हे शिष्यांना शिकवीत आलो. निरांजन हातात तसेच राहिले... त्या चकत्यांच्या चिठ्ठ्या लिहिताना मी ट्रकच्या तोंडासमोर बसलो होतो. माझे उजवे ते मी उजवे लिहिले. गाडीचे ते डावे होते.

आरती तशीच सोडून मी गेलो. सारे सांगून म्हणालो, "अपराध माझा आहे, दत्तूभाऊ. क्षमा करा."

"अच्छा! देवाचं उजवं देवाकडून, आन् गाडीचं उजवं तुमच्याकडून?" मग माझ्याकडे त्यांचे लक्षच उरले नाही. दोन्ही तळवे त्यांनी डोळ्यांसमोर धरले. "शालू, ऐकून राहिली का? हात नाही गेले माझे!" आयुष्य स्तोत्रे म्हणण्यात गेले माझे, पण कृतज्ञतेचा असा स्वर मी दुसरा ऐकलेला नाही.

संध्याकाळपर्यंत चकत्या आपापल्या जागी गेल्या. माझ्या चुकीच्या चिठ्ठ्या मात्र त्यांनी फाडू दिल्या नाहीत. "अक्षर किती छान आहे! खिळे बदलू," म्हणाले, आणि रिकाम्या थैल्या या भिंतीवरून त्या भिंतीवर नेल्या.

पुढच्या गुरुवारी मी नारळ घेऊन गेलो, तर म्हणाले, "आधी ब्रेक, मग नारळ." ब्रेक पाहून झाले, नारळ फुटला, आणि आम्ही तिघे बरगी धरणाच्या रस्त्याला लागलो. वहिनी मध्ये पदर घट्ट धरून. ते वळणावर स्टिअरिंग फिरवीत नव्हते, नुसता हात ठेवीत होते आणि ते एवढे धूड वळत होते. नर्मदेचे पाणी दिसताच त्यांनी गाडी थांबवली आणि मैयेला हात जोडले. ते हात त्या वेळी मुळीच कापत नव्हते.

ती एकच फेरी. परतल्यावर त्यांनी पुढचा भाग लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवला. उभ्या गाडीचे ओझे टायरांवर ठेवायचे नाही, ही त्यांची रीत.

गेल्या आठवड्यात वहिनींनी गॅरेजची किल्ली माझ्या हाती दिली. "जरा हात लावा तिला, गुरुजी." चपला बाहेर काढून मी चालकाच्या जागेवर चढलो, प्रथमच. उजव्या भिंतीवर, माझ्याच वळणदार अक्षरात 'डावे' लिहिलेली थैली लोंबत होती. मी स्टिअरिंग त्या बाजूला हलकेच वळवले... खाली अधांतरी चाके आवाज न करता वळली.

"वळून राहिलं का?" दारातून वहिनींनी विचारले.

"हो, वहिनी. दोन बोटांनी."