चित्रातला पंडित

माझे भाऊजी बारेंट म्हणजे हॉलंडातल्या लायडन शहरातला चित्रकलेतला एक नावाजलेला हात. हेरिंग मासा, पावाचा तुकडा, अर्धवट सोललेलं लिंबू असं काढायचे की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. पण बाप कापड रंगवणारा. शाळा जेमतेम. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाकडे चित्र पोचवायला गेले, तेव्हा पाहुण्यांनी बैठकीत चित्राची वाहवा केली आणि भाऊजींना स्वयंपाकघरात मोलकरणीशेजारी जेवायला बसवलं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

घरात एक जुनं चित्र अर्धवट पडलं होतं. लग्नाच्या वर्षी सुरू केलेलं. त्यात ते कुंचला घेऊन उभे आणि शेजारी माझी थोरली बहीण हिले रंग घोटत बसलेली. भाऊजींनी तेच पुढं ओढलं. काळा रेशमी झगा उसना आणला, जाडजूड लॅटिन पोथी आणली. चित्रातल्या कुंचल्यावर रंग फासून तो झाकला आणि तिथला हात पोथीच्या पानावर टेकलेला काढला. मग म्हणाले, "हिले, चित्रात तू बसलीयेस तिथं पृथ्वीचा गोल येईल."

"आणि मी कुठं जाऊ?"

"तू घरात आहेसच की."

"घरात आहे म्हणून चित्रात नको?"

"अगं, विद्वान माणसाशेजारी रंग घोटणारी बाई शोभत नाही."

गोलावरच्या समुद्राला निळा रंग लागणार होता. तोही ताईनंच घोटून दिला. आपला चेहरा पुसला जाताना ती भाजी निवडत होती, मी तिथंच होते.

चित्र गाजलं. प्राध्यापकानं भाऊजींना पुढच्या दारानं आत घेतलं, आपल्या पंक्तीला बसवलं. मंडळी लॅटिनमध्ये विनोद करून हसायची, मागोमाग भाऊजीही हसायचे. हळूहळू मासे आणि लिंबं काढणं त्यांना कमीपणाचं वाटू लागलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "ते काम सोडलं मी." शेवटी प्राध्यापकाला स्वतःचं चित्र काढून घ्यायचं होतं, तेव्हा त्यानं दुसऱ्यालाच बोलावलं. भाऊजींनी कारण विचारलं तर म्हणाला, "तुम्ही आता आमच्यातले. तुम्हाला असली कामं कशी सांगायची?"

त्यानंतर घर ताईनं चालवलं, लोकांचे कपडे धुऊन. भाऊजी खिडकीशी पोथी उघडून बसायचे. पान कधी उलटायचे नाहीत. एका हिवाळ्यात तापानं गेले.

सामान विकलं तेव्हा ते चित्र एका वकिलानं नेलं. त्याच्याकडे मी धुतलेल्या चादरी पोचवायला जाते. परवा तो पाहुण्याला सांगत होता, "हे जुने कोणी प्राध्यापक."

मला राहवलं नाही. म्हटलं, "ते माझे भाऊजी. चित्रकार होते."

वकील हसला. "बाई, चित्रकाराच्या हातात पोथी असते होय?"

घरी येऊन ताईला सांगितलं. ती बादलीतून ओले कपडे पिळून काढत होती.

"पुढं काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. त्यांच्याकडचं काम जायला नको," ती म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.